साथ : उत्तम

आमच्या आप्पांची एक वही माझ्याकडे आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिता लिहिता ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाची ती वही. त्यामुळे लाल कापडी बांधणीची, उभी, आणि आतली पाने खतावणीसारखी आखलेली. पैशांचा हिशेब मात्र तिच्यात एका ओळीचाही नाही. १९५८ पासून १९८४ पर्यंत आप्पांनी ज्या ज्या मैफली ऐकल्या, त्यांची ती नोंद आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात गवयाचे नाव, चौथ्यात राग आणि चिजा, आणि अगदी शेवटच्या अरुंद रकान्यात ‘साथ’.

शनिवारी वखार बंद झाली की संध्याकाळच्या मोटारीने संकेश्वरावरून बेळगाव गाठायचे, रात्रभर गाणे ऐकायचे, आणि रविवारी सकाळच्या मोटारीने परत यायचे, हा त्यांचा नेम होता. निपाणी-बेळगाव हे अंतर पाऊणशे किलोमीटरांचे. त्या काळच्या रस्त्याने ते बरेच मोठे वाटे. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी ते ही वही काढीत.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे गेले. वय ९३ वर्षांचे होते. बातमी कळल्यावर मी ती वही काढली ती एवढ्याचसाठी, की तिच्यात रामभाऊंचे नाव किती वेळा आले आहे ते मोजावे. सव्वीस वर्षांच्या नोंदी. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बेळगावच्या. नाव निदान वीस-पंचवीस वेळा सापडेल, अशी माझी खात्री होती. एका संध्याकाळी सगळी वही पाहून झाली. नाव एकदाही सापडले नाही.

‘पेटी बरी.’ ‘पेटी, तबला ठीक.’ ‘साथ चांगली.’ शेवटच्या रकान्यात यापलीकडे काही नव्हते. आप्पा निष्काळजी नव्हते. गवयाला चहा किती वाजता दिला, मध्यंतरानंतर तंबोरा पुन्हा का लावावा लागला, हेसुद्धा त्यांनी टिपून ठेवले होते. साथीदाराचे नाव लिहावे एवढे मात्र त्यांच्या मनात आले नाही. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. वही त्यांची असली तरी ती सवय आपल्या सगळ्यांची होती.

रामभाऊंचा जन्म ७ जानेवारी १९१७ चा, कागवाडचा. कागवाड बेळगाव जिल्ह्यातले खरे, पण त्याला मिरज जवळ. ज्या मिरजेत तंबोरे घडत होते आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केले होते, त्या मिरजेचे वारे लागलेला तो मुलूख. पुढे बेळगाव ही त्यांची कर्मभूमी झाली. तिथे त्यांनी संगीत विद्यालय चालवले, आणि वृद्धापकाळापर्यंत शिकवले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व यांच्यासारख्यांना त्यांनी पेटीची साथ केली. बेळगावात सुधांशु कुलकर्णी, बेंगळुरूत रवींद्र काटोटी असे नावाजलेले शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. गावात बहुतेक लोक त्यांना ‘विजापुरे मास्तर’ म्हणत. ज्या माणसाच्या बोटांनी एवढ्या थोरांच्या गाण्याला आधार दिला, त्याला ‘मास्तर’ म्हणण्यात आपला आदर होताच. पण शाळेतल्या मास्तरांना आपण जसे गृहीत धरतो, तसे गृहीत धरणेही त्या हाकेत थोडेसे होते.

साथ म्हणजे काय, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. पेटीचे सूर ती घडवतानाच ठरून गेलेले असतात. एका सप्तकात बारा पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पेटीला प्रवेश नाही. गळ्याला ती जागा आहे, सारंगीच्या तारेलाही आहे. दरबारी कानड्यातला डोलणारा गंधार किंवा तोडीतला अतिकोमल गंधार पेटीच्या कोणत्याही पट्टीत सापडत नाही. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेल्या या वाद्याला मींड ठाऊक नव्हती. त्याला खाली बसवून, पायाऐवजी हाताने भाता चालवायला लावून आपण घरातले करून घेतले. पण जन्मखूण राहिलीच.

मग चांगला पेटीवाला करतो काय? गवयाने घेतलेली हरकत पेटीवर क्षणार्धाच्या अंतराने उमटली पाहिजे. आधी उमटली तर तो आगाऊपणा, आणि फार मागे राहिली तर ती अडचण. गवई श्वास घेतो तेवढ्या वेळात पोकळी पडू नये म्हणून त्याचा शेवटचा सूर धरून ठेवायचा, आणि तो पुन्हा गाऊ लागताच निमूटपणे मागे सरायचे. जिथे आपल्या वाद्यात तो सूरच नाही, तिथे शेजारच्या पट्टीला नुसता कण देऊन भाता सैल सोडायचा आणि ती जागा गळ्यासाठी मोकळी ठेवायची. जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट जोडराग असोत की ठुमरी, समोर लिहिलेले काही नसते. पहिल्या एक-दोन आवर्तनांत राग ओळखायचा, गवयाचा आजचा गळा ओळखायचा, आणि त्याप्रमाणे आपला हात आखडता घ्यायचा. ज्याला फार येते, त्यानेच फार थोडे वाजवायचे, असा हा धंदा आहे. श्रोत्याचे लक्ष पेटीकडे गेले नाही, तर साथ साधली.

याचा प्रत्यय मला ज्या रात्री आला, ती रात्र १९६८ सालातली. मी बारा वर्षांचा होतो. आप्पांनी प्रथमच मला बरोबर नेले होते. बेळगावातल्या एका वाड्याच्या दिवाणखान्यात मैफल होती, आणि गर्दी इतकी की मला जागा मिळाली ती थेट बैठकीच्या कडेला, गवयांच्या डाव्या हाताला, पेटीच्या पलीकडे. पेटीवर विजापुरे मास्तर होते; आप्पांनीच मला हळू आवाजात सांगितले. गवयांचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही. त्यांचे नाव वहीत आहे, तबकड्यांवर आहे, आणि या चार पानांत ते नसले तर त्यांच्या कीर्तीला उणेपणा येणार नाही.

मध्यरात्र उलटून गेली होती. बढत होत होत गाणे तार षड्जाशी आले. सगळा दिवाणखाना त्या सुराची वाट पाहत होता. गवयांनी हात वर नेला, डोळे मिटले, सूर लागला, आणि मी बसलो होतो तिथे असे ऐकू आले की लागता लागता तो हलला. गळा दमला असावा. पण दिवाणखान्यात सूर तुटला नव्हता. माझ्या हाताच्या अंतरावर मास्तरांचा डावा हात भात्यावर होता. तो वेगाने हलत नव्हता, उलट अधिक मंद झाला होता. उजव्या हाताचे एक बोट वरच्या पट्टीवर आधीपासूनच टेकलेले होते. तिच्यातून सूर येत होता तो इतका बारीक, इतका गळ्याच्या रंगाचा, की तो कोठून येतो आहे हे समोर बसलेल्यांना कळणे शक्य नव्हते. गवयांनी तेवढ्यात श्वास घेतला असावा. दुसऱ्या क्षणी त्यांचा गळा त्याच सुरात येऊन मिसळला, आणि पेटी अशी विरून गेली जशी ती कधी नव्हतीच. ‘वाहवा’चा गजर झाला. मास्तरांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या मोटारीत मी आप्पांना विचारले, “आप्पा, तो वरचा सूर पेटीने धरला होता ना?” आप्पा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “असे बोलू नये.” एवढेच. मला वाटले, मी काहीतरी चुकीचे ऐकले आणि त्यांना ते आवडले नाही. पुढे निपाणीत मी तीन-चार वर्षे पेटी शिकलो. फारसा हात बसला नाही. पण बोट टेकवून सूर न वाढवता तो धरून ठेवणे म्हणजे काय, आणि ते किती अवघड असते, हे तेव्हा कळले. त्या रात्री मी चुकीचे ऐकले नव्हते.

त्याच काळात पेटीला एक मोठे दार बंद होते, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती. रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले होते, रवींद्रनाथ ठाकुरांना ती नकोशी होती, पुढे पंडित नेहरूंनाही ती आवडत नसे. त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. मींड नाही, श्रुती नाहीत, स्वरांतरे परक्या मोजमापाची. हे सगळे खरे. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, आणि आमच्या घरी रेडिओ आल्यावर आप्पा धारवाड लावून बसत. गवई तेच असत. साथीला मात्र पेटी नसे. १९७१ साली निवडक वादकांपुरती साथीची परवानगी मिळाली. एकल वादनाला त्यानंतरही कितीतरी वर्षे थांबावे लागले.

वर्षांचा हिशेब मांडून पाहिला, कारण हिशेबनीसाचा मुलगा आहे. बंदी आली तेव्हा रामभाऊ तेवीस वर्षांचे होते. ती सैल झाली तेव्हा चौपन्न. कलावंताच्या आयुष्यातली जी एकतीस वर्षे कमाईची आणि नावाची, त्या वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर त्यांच्या वाद्याला पाय ठेवण्याची मुभा नव्हती. जे वाजले ते घरांतून, वाड्यांतून, उत्सवांच्या मांडवांतून वाजले, आणि ऐकणाऱ्यांच्या कानांबरोबर गेले. अशा कलावंताचे काम टिकायचे तर एकाच ठिकाणी टिकू शकत होते: श्रोत्यांच्या आठवणीत आणि त्यांच्या वह्यांत. आणि आमच्या वहीत तर ‘पेटी बरी’ एवढेच होते.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट आहे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर बेळगाव आणि निपाणी कोणत्या राज्यात गेले, आणि त्यानंतर आपल्या घरांतून काय काय बोलले गेले, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. मी सांगतो आहे ती मैफल त्याच्या पुढच्याच वर्षीची. दिवसा चौकात जे बोलले जाई ते मी मुलगा म्हणून ऐकत होतो. रात्री दिवाणखान्यात मात्र कन्नड घरातला गवई मराठी अभंग गाई, मराठी श्रोते वचने ऐकून डोळे पुसत, आणि कोणी कोणाला भाषा विचारीत नसे. बेळगावात साथीला बसणाऱ्याला दोन्हीकडचे कळावे लागे: मराठी पदात शब्द कोठे टेकतो आणि कन्नड वचनात तो कोठे श्वास घेतो. दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून मगच आपला सूर लावायचा, ही त्याची रोजची शिस्त होती. त्या शिस्तीने सीमेचा प्रश्न सुटला असता, असे भाबडे विधान मी करणार नाही; आपले म्हणणे आपल्या जागी आहे. पण त्या कडवट वर्षांतही आपण एकमेकांचे गाणे ऐकू शकलो, यात पेटीच्या मागे बसलेल्या माणसांचा वाटा होता, आणि तो आपण कोठे नोंदवलेला नाही.

गंगूबाई हनगल २१ जुलै २००९ रोजी गेल्या, भीमसेन जोशी २४ जानेवारी २०११ रोजी. दोघांच्याही अंत्यसंस्कारांना शासकीय इतमाम लाभला, वृत्तपत्रांची पहिली पाने भरली, आणि ते योग्यच झाले. या दोन तारखांच्या मध्ये रामभाऊंची तारीख येते. बेळगाव हळहळले. दूरच्या वृत्तपत्रांत मात्र ती बातमी मला शोधावी लागली. ‘पद्म’ किताबांच्या याद्या आपण पाठ म्हणतो; त्यांत पेटीवाला किती क्वचित येतो हे मोजत नाही.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. १९०२ साली आपल्या देशात पहिल्या तबकड्या निघाल्या, तेव्हा गोहरजान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत असे. परदेशात तबकडी घडवणाऱ्याला ती कोणाची हे कळावे म्हणून. मागे साथ करणाऱ्याने आपले नाव सांगण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या जाझ संगीतात मुख्य वादकाच्या साथीला बसणाऱ्याला ‘साइडमन’ म्हणतात. तिथेही पैसा आणि कीर्ती पुढच्या माणसाची. पण लांब तबकडीच्या वेष्टनावर मागल्या बाजूला त्या प्रत्येकाचे नाव आणि वाद्य छापण्याचा प्रघात पडला. पुढे रसिकांनी त्या नावांच्या याद्या केल्या, कोणत्या तारखेला कोणासाठी कोण वाजवत होता हे हुडकून काढले. त्यामुळे आयुष्यभर मागे बसलेला वादक वारला तरी त्याचे काम एकत्र मांडता येते. आपल्याकडे गाणे ऐकण्याची परंपरा शतकांची. पण मागची बाजू वाचण्याची सवय आपण लावून घेतली नाही. वाचायला तिथे काही छापलेलेच नव्हते, असे कोणी म्हणेल. मग लिहायचे कोणी? ऐकणाऱ्यांनीच.

या विचारात मी वही पुन्हा उघडली, आणि या वेळी १९६८ सालचे ते पान शोधले. पहिल्या शोधात मी फक्त नाव बघत गेलो होतो. शब्द वाचलेच नव्हते. पान सापडले. गवयांचे नाव, राग, बंदिशीचे पहिले शब्द. चौथ्या रकान्यात नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते: ‘तार षड्ज अपूर्व.’ आणि शेवटच्या रकान्यात: ‘साथ उत्तम.’

‘उत्तम’ हा शब्द पाहून मी थबकलो. सगळी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा चाळली, आता एकेक नोंद वाचत. ‘बरी’ आहे, ‘ठीक’ आहे, ‘चांगली’ पुष्कळदा आहे. शेवटच्या रकान्यात ‘उत्तम’ सव्वीस वर्षांत एकदाच आहे.

म्हणजे आप्पांना कळले होते. मोटारीत त्यांनी मला गप्प केले ते मी चुकीचे बोललो म्हणून नव्हे. जे मास्तरांनी झाकले ते आपण उघडे करू नये म्हणून. चौथ्या रकान्यात त्यांनी गवयांचा मान राखला, पाचव्यात खरे काय ते लिहिले, आणि दोन्हींच्या मध्ये एक आखलेली रेघ ठेवली. एवढ्या जाणत्या माणसाने नाव मात्र लिहिले नाही. का लिहिले नाही, हे त्यांना विचारण्याची वेळ केव्हाच निघून गेली. कदाचित त्यांना वाटले असेल की विजापुरे मास्तर कोण हे बेळगावात सांगायचे काय. समोर असलेल्या माणसाचे नाव लिहावे लागत नाही. तो नसेल तेव्हा लागते, आणि तेव्हा लिहिणाराही नसतो.

मी शिसपेन्सिल घेतली. आप्पांच्या शाईला धक्का लागणार नाही अशा बेताने त्या अरुंद रकान्यात ‘पेटी – रामभाऊ विजापुरे’ असे लिहिले. बाकीच्या नोंदींत काही लिहिण्याचा मला हक्क नव्हता. त्या रात्री मी तिथे नव्हतो. त्यांतल्या कितींमागे मास्तर होते हे आता कळणार नाही. एका नोंदीची मात्र मी साक्ष देऊ शकतो, तेवढी दिली.

नाव लिहून झाल्यावर त्याखाली ‘तबला –’ असे लिहिले, आणि हात थांबला. मी डोळे मिटून तो दिवाणखाना पुन्हा पाहिला. तंबोरे दिसले, गवयांचा वर गेलेला हात दिसला, भात्यावरचा हात तर आजही दिसतो. तबला पलीकडच्या बाजूला होता. तिथे कोणीतरी रात्रभर ठेका धरून बसले होते. लय तसूभरही ढळली नव्हती, म्हणून तर त्या एका क्षणाची गडबड कोणाला कळली नाही. पण चेहरा आठवेना, नाव तर नाहीच. चाळीस वर्षे मी पेटीवाल्याची आठवण जपल्याचे समाधान मानत होतो, आणि तबलजीला मी स्वतःच विसरून बसलो होतो.

त्या ओळीत पुढची जागा अजून रिकामी आहे. त्या वर्षांत बेळगावच्या मैफलींना जाणारे कोणी वडीलधारे आपल्या घरी असतील, तर त्यांना एकदा विचारून पाहावे. गवयाचे नाव ते सांगतीलच. साथीला कोण होते, हे आधी विचारावे, आणि सांगितलेले नाव लगेच लिहून ठेवावे.